नाताळच्या झाडासाठी क्रोशाच्या चांदण्या, हिमफुलं आणि घंटा, अगदी पहिल्या टाक्यापासून

आमच्या वसईत लहानपणी नाताळचं झाड म्हणजे सुरूची एक मोठी फांदी असायची, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात खोचलेली, आणि सुरूच्या काड्या किती बारीक असतात माहितीये ना, काचेचा गोळा लावला की काडी वाकायची आणि गोळा घसरून थेट फरशीवर. म्हणून आजी पांढऱ्या दोऱ्याच्या क्रोशाच्या चांदण्या करून लावायची. वजन जवळपास नाहीच, पडल्या तरी फुटत नाहीत, लहान मुलांनी ओढल्या तरी काही होत नाही. आता घरात प्लास्टिकचं ४ फुटी झाड आहे, फांद्यांमध्ये तार आहे, काहीही लावलं तरी टिकतं, तरी मी क्रोशाच्याच वस्तू लावते आणि दर वर्षी चार-पाच नवीन करते.

खाली चार वस्तू सांगितल्यात, चांदणी, हिमफूल, घंटा आणि गोळा, आणि याच क्रमाने करा असं मनापासून सांगेन कारण एकीत शिकलेलं पुढचीत लागतं. क्रोशा कधीच केला नसेल तरी चालेल, फक्त पहिले दोन दिवस नुसत्या साखळ्या आणि खांब (हे टाके खाली समजावलेत) घालायचा सराव करा, वस्तू करायची घाई नको. दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे बघा, टाके मोजणं आणि शेवटी खळ देणं. टाके बरोबर असले की आकार येतो आणि खळ नीट दिली की तो आकार टिकतो.

सामान काय लागतं

चांदणी आणि हिमफुलाला सुती दोरा घ्या. क्रोशाचा सुती दोरा नंबरावर मिळतो, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे ४० नंबर २० पेक्षा बारीक. शिकणाऱ्याने २० नंबरच्या पलीकडे जाऊ नये, आणि त्याहून सोपं हवं असेल तर विणकामाचा जाडसर सुती दोरा, निटिंग कॉटन म्हणून मिळतो तो, त्यात टाके स्वच्छ दिसतात आणि चुकलं तर उसवता येतं. घंटा आणि गोळ्याला ४ प्लायची, म्हणजे चार पदरांची, साधी अ‍ॅक्रेलिक लोकर चालते, घरात स्वेटरची उरलेली असेल तर तीच वापरा.

क्रोशाच्या म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुया तीन घेतल्या की पुरे. २० नंबरच्या दोऱ्याला १.२५ एमएम ची स्टीलची, जाड सुती दोऱ्याला २ किंवा २.५ एमएम, आणि लोकरीला ३ एमएम. तुमचा हात सैल असेल म्हणजे टाके ढिले पडत असतील तर एक नंबर बारीक सुई घ्या आणि हात घट्ट असेल तर एक नंबर जाड, याला काही नियम नाही, हात बघायचा. बाकी बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई शेवटचे धागे लपवायला, कात्री, काही सेफ्टी पिना, टाचण्या, आणि एक जुना थर्माकोलचा तुकडा, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला.

मुंबईत असाल तर डिसेंबरात क्रॉफर्ड मार्केटला घुंगरू, जर, मणी, छोटे थर्माकोलचे गोळे सगळं एका चकरेत होतं, पुण्यात तुळशीबाग आहेच. दोरा मात्र दिवाळीनंतर लगेच घेऊन ठेवा, लाल आणि हिरवा सगळ्यात आधी संपतो, आणि एका वस्तूचा दोरा एकदमच घ्या कारण दुसऱ्या लॉटचा लाल शेजारी ठेवल्यावर वेगळा दिसतो.

टाके आणि त्यांची नावं

साखळी म्हणजे सुईवर दोरा घ्यायचा आणि सुईवरच्या लूपमधून ओढून काढायचा, बस.

स्लिप स्टिच म्हणजे सुई टाक्यात घालायची, दोरा ओढायचा आणि तसाच सुईवरच्या लूपमधूनही बाहेर काढायचा. याला उंची नसते, जोडायला किंवा पुढे सरकायला वापरतात.

मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा वर आणायचा, सुईवर दोन लूप झाले, परत दोरा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा.

अर्धा खांब करताना आधी सुईवर एक वेढा घ्यायचा मग टाक्यात घालायची, दोरा वर आणला की तीन लूप होतात, तिन्हीतून एकदम काढायचा.

खांबाला पण एक वेढा, तसेच तीन लूप, पण आता दोनातून काढायचा आणि परत उरलेल्या दोनातून. लांब खांबाला आधी दोन वेढे घ्यायचे, चार लूप होतात, मग दोन-दोन करत तीनदा काढायचा.

इथे एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, परदेशी पॅटर्न बघून करणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकन लोकांचा सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब. आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल, म्हणजे आपला साधा खांब. माझी भाची टोरंटोला असते, तिने लायब्ररीतलं जुनं ब्रिटिश पुस्तक आणून घंटा केली ती दुप्पट उंच झाली, बिचारी म्हणे मावशी मी प्रत्येक टाका मोजलाय, आणि खरंच मोजला होता, टाकाच वेगळा पडला होता. ओळखायची सोपी खूण म्हणजे पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे लिहिलं असेल तर तो बहुतेक अमेरिकन, आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

गोल वस्तू सुरू करायला मॅजिक रिंग लागते. डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती दोरा एकदा गुंडाळा, टोक पुढे लोंबत राहू द्या, त्या वेढ्याखालून सुई घालून गुंड्याकडचा दोरा ओढून घ्या आणि एक साखळी घाला, आता बोटं काढा. पहिल्या फेरीचे टाके या कड्यातच घालायचे, कडं आणि लोंबतं टोक दोन्ही एकत्र धरून, आणि फेरी झाली की टोक खेचायचं, मधलं भोक मिटतं. पहिल्या दहा वेळा हातातून निसटेल, त्याचं काही वाटून घेऊ नका, तोवर ५ साखळ्या घालून पहिल्या साखळीत स्लिप स्टिचने जोडून कडं केलं तरी चालतं, फक्त मधे बारीक भोक राहतं आणि चांदणीला ते वाईट दिसत नाही.

चांदणी

पाच टोकांची, दोनच फेऱ्या. जाड सुती दोऱ्यात केली तर साधारण ५ सेंमी आणि लोकरीत ७ सेंमीच्या आसपास होते. हात बसला की २० मिनिटांत एक.

पहिली फेरी. मॅजिक रिंगमध्ये ३ साखळ्या, या तीन म्हणजे एक खांब धरायचा. त्याच कड्यात आणखी १४ खांब. एकूण १५. टोक खेचून भोक मिटवा आणि सुरुवातीच्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत स्लिप स्टिचने जोडा.

इथे थांबून मोजा. बोट ठेवून मोजा. १५ च पाहिजेत, कारण पाच टोकं आणि प्रत्येक टोकाला तीन टाके जातात. १४ आले तर बहुतेक तुम्ही सुरुवातीच्या साखळ्या मोजल्या नाहीत किंवा एखादा खांब खाऊन टाकलाय, १६ आले तर एक जास्त झालाय, दोन्ही वेळा उसवा, पुढे जाऊन सावरता येत नाही, शेवटचं टोक जागेवर बसतच नाही.

दुसरी फेरी. ६ साखळ्या घाला. आता सुईपासून दुसऱ्या साखळीत स्लिप स्टिच, पुढच्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत अर्धा खांब, पुढच्या साखळीत खांब, आणि शेवटच्या म्हणजे गोलाला लागून असलेल्या साखळीत लांब खांब. बघा, टाका हळूहळू उंच होत गेला आणि निमुळतं टोक तयार झालं. आता गोलावरचे २ खांब सोडा आणि तिसऱ्यात स्लिप स्टिच घाला. एक टोक झालं. असंच अजून चार वेळा, पाचव्या टोकाची स्लिप स्टिच जिथून सुरुवात केली त्याच टाक्यात येते. दोरा कापा, ओढून घ्या, बोथट सुईने मागच्या बाजूने तीन-चार टाक्यांतून फिरवून लपवा, आणि एकाच दिशेने फिरवून कापू नका, परत उलट्या दिशेने दोन टाके आणा, नाहीतर दोन वर्षांत टोक बाहेर येतं.

साखळीवर टाके घालताना नवीन हाताला त्रास होतो कारण साखळी घट्ट असते. साखळीपुरती सुई एक नंबर जाड वापरा, किंवा साखळ्या मुद्दाम सैल घाला. आणि लटकवायचा लूप चांदणीच्या टोकाला लावायचा, दोन टोकांमधल्या खाचेत नाही. दोरा खाचेत संपतो म्हणून तिथेच लूप करावासा वाटतो पण मग चांदणी उलटी लोंबते, एक टोक सरळ खाली. वेगळा दोरा घ्या, टोकातून ओवा, १५-२० साखळ्यांएवढी लांबी ठेवून गाठ मारा.

सोनेरी कड हवी असेल तर जरीच्या धाग्याने बाहेरून एक फेरी मुक्या खांबाची घालता येते, टोकावर मुका खांब, २ साखळ्या, परत त्याच जागी मुका खांब, म्हणजे टोक गोल होत नाही. पूर्ण चांदणीच जरीत करू नका असं मी सांगेन, जर घसरते, टाके दिसत नाहीत आणि बोटं दुखतात.

आमच्या घरी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधीचा चौथा रविवार, जो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीही येतो, त्या दिवशी झाडावर फक्त जांभळ्या चांदण्या चढतात, तिसऱ्या रविवारी एक गुलाबी, कारण चर्चमध्ये त्या दिवसांचे रंग तेच असतात, आणि लाल-पांढरं-सोनेरी सगळं २४ तारखेला संध्याकाळी. मुलांना वाट बघायला काहीतरी राहतं. तुम्हाला आवडलं तर करून बघा, जांभळा दोरा थोडा जास्त घ्या फक्त.

हिमफूल

हे पांढऱ्या सुती दोऱ्यातच करायचं आणि सहाच कोपरे ठेवायचे. बाजारात आठ टोकांचेही दिसतात पण खरा हिमकण सहा बाजूंचाच असतो, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात म्हणून. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिल्यांदा एका हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभर हजारो काढले. ते फोटो जरूर बघा, क्रोशाचे नवीन नमुने सुचायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, मी दोन नमुने तसेच बघून बसवलेत.

सुरुवातीला ६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत स्लिप स्टिच, कडं झालं.

पहिली फेरी. ३ साखळ्या, म्हणजे पहिला खांब, कड्यात अजून १ खांब, मग २ साखळ्या. आता कड्यात २ खांब, २ साखळ्या, असं अजून पाच वेळा. एकूण दोन-दोन खांबांच्या सहा जोड्या आणि मधे सहा खिडक्या. वरच्या साखळीत जोडा.

दुसरी फेरी. शेजारच्या खांबावर एक स्लिप स्टिच आणि मग खिडकीत एक स्लिप स्टिच, म्हणजे आपण सरकून खिडकीत आलो. इथे ३ साखळ्या, १ खांब, ३ साखळ्या, २ खांब, सगळं त्याच एका खिडकीत. मग १ साखळी, आणि पुढच्या खिडकीत २ खांब, ३ साखळ्या, २ खांब, परत १ साखळी. सहाही खिडक्यांत झालं की शेवटची १ साखळी घालून जोडा. आता षटकोन दिसायला लागतो.

तिसरी फेरी, आणि सगळी शोभा हिच्यात आहे. परत स्लिप स्टिचने सरकत तीन साखळ्यांच्या कोपऱ्यात या. १ मुका खांब. आता ४ साखळ्या घालून त्याच मुक्या खांबाच्या डोक्यावर स्लिप स्टिच, एक पाकळी झाली, मग ६ साखळ्या आणि तिथेच स्लिप स्टिच, मधली मोठी पाकळी, मग परत ४ साखळ्या आणि तिथेच स्लिप स्टिच. त्याच कोपऱ्यात अजून १ मुका खांब. आता ३ साखळ्या, खालच्या फेरीतल्या एका साखळीच्या जागेत १ मुका खांब, ३ साखळ्या, आणि पुढचा कोपरा. सहा कोपरे झाले की पहिल्या मुक्या खांबात जोडा.

सुईवरून उतरल्यावर हे हिमफूल सुरकुतलेलं, वेडंवाकडं दिसेल. घाबरू नका आणि उसवू तर अजिबात नका, आमच्याकडे शिकायला आलेल्या दोघी-तिघींनी असं उसवलंय आणि मला फार वाईट वाटलं. सुती क्रोशा सुईवर सुंदर दिसतच नाही, तो खळ दिल्यावर दिसतो. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे बारीक पांढरं काम करतात, कधी ती लेस हातात घ्यायला मिळाली तर नुसती नक्षी बघू नका, टाक्याचा ताण बघा, पहिला टाका आणि शंभरावा टाका एकाच उंचीचा, आणि वस्तू सपाट बसते ती त्यामुळेच.

खळ

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच मेहनत वाया जाते.

खळ तीन प्रकारांनी देता येते. परदेशी पुस्तकांत हमखास साखरेचं पाणी सांगतात, घट्ट पाक करायचा आणि त्यात वस्तू बुडवायची. कोरड्या थंड हवेत ते छान होत असेल, पण आपल्या किनाऱ्यावर नको. मी एकदा केलं होतं, तीस हिमफुलं, पांढरी कडक सुंदर झाली होती, आणि २३ डिसेंबरला झाडावर खालपासून वरपर्यंत मुंग्यांची रांग. दमट हवेत पाक चिकटही होतो आणि त्याला धूळ धरते. तेव्हापासून साखर बंद.

दुसरी कॉर्नफ्लॉवरची खळ, माझी आवडती. एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर पाव कप थंड पाण्यात गाठी न ठेवता कालवायचं, पाऊण कप पाणी उकळत ठेवायचं, उकळी आली की कालवलेलं त्यात ओतून सतत ढवळायचं, पांढरं पाणी पारदर्शक आणि दाटसर झालं की गॅस बंद. हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर वापरायचं. सुती साडीला आई साबुदाण्याची खळ द्यायची तीही चालते, फक्त दुप्पट दाट हवी आणि गाळून घ्या, नाहीतर पाकळ्यांच्या भोकांत साबुदाण्याचे पारदर्शक कण अडकून बसतात.

तिसरा फेविकॉल, एक भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी. सगळ्यात कडक होतं आणि दमटपणाने ढिलं पडत नाही, पण परत धुता येत नाही आणि जास्त झालं तर प्लास्टिकसारखी चकाकी येते. मी कॉर्नफ्लॉवर हिमफुलाला देते आणि फेविकॉल फक्त घंटेला.

अ‍ॅक्रेलिक लोकरीवर कॉर्नफ्लॉवर धरत नाही, सुती दोरा खळ पितो तशी लोकर पीत नाही. म्हणून सपाट जाळीदार वस्तू सुतीच करा म्हणते. आणि लोकरीवर इस्त्री फिरवू नका, एका सेकंदात वितळून सपाट होते, ती परत फुलत नाही.

आता टाचायचं कसं ते बघा. कागदावर कंपासने एक वर्तुळ काढा, साधारण तुमच्या हिमफुलाएवढं. कंपासचं अंतर न बदलता परिघावर एक टोक ठेवून खुणा करत जा, बरोबर सहा खुणा होतात, शाळेत षटकोन काढायचो तसंच. मध्यापासून सहाही रेघा ओढा. हा कागद थर्माकोलवर ठेवा आणि वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी ताणून चिकटवा, नाहीतर खळेने कागद हिमफुलाला चिकटतो आणि शाईही उतरते. चांदणीला असाच साचा ७२ अंशांवर पाच रेघांचा, कोनमापकाने.

हिमफूल आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मग खळीत बुडवा, बोटांनी दाबून आतपर्यंत जाऊ द्या, आणि नॅपकिनमध्ये हलकं दाबून जास्तीची खळ काढा. भोकांमध्ये पापुद्रा दिसला तर फुंकर मारा, जातो. साच्यावर मध्य जुळवून आधी समोरासमोरची दोन टोकं टाचा, मग पुढची दोन, असं. एकापाठोपाठ एक गोल फिरत टाचलं तर एका बाजूला ओढलं जातं. मोठ्या पाकळ्या झाल्या की छोट्या, आणि मग एका साखळीच्या जागी आत ढकलून एकेक टाचणी. म्हणजे एका हिमफुलाला कमीत कमी २४ टाचण्या, कंटाळा करू नका.

टाचण्या स्टेनलेसच्या घ्या. साध्या टाचण्या ओल्या दोऱ्यात रात्रभर राहिल्या की गंजतात आणि पांढऱ्यावर तांबडा डाग पडतो तो जात नाही. सावलीत पंख्याखाली २४ तास, समुद्राजवळ राहत असाल तर दोन दिवस. पूर्ण वाळल्याशिवाय उचलून बघू नका, अर्धवट वाळलेलं उचललं की टोकं वळतात आणि मग परत भिजवावं लागतं.

घंटा

ही गोल-गोल वर्तुळात न जोडता विणायची, म्हणजे फेरी संपली कुठे ते कळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावा आणि फेरी झाली की पिन वर घ्या. सगळे मुके खांब. लाल लोकर आणि २.५ एमएम ची सुई, एक नंबर बारीक मुद्दाम घेतली कारण टाके घट्ट असले की घंटा उभी राहते.

पहिली फेरी मॅजिक रिंगमध्ये ६. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं सहा वेळा, १८. ही झाली घंटेची टोपी, सपाट चकती. चौथी फेरी १८ च, पण टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून सुई घाला, म्हणजे तिथून कड वळते आणि भिंत उभी राहते. पाचवी ते आठवी फेरी नेहमीसारखे १८. नववीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, सहा वेळा, २४. दहावी २४ तशीच. अकरावीत तीन टाक्यांत एकेक आणि चौथ्यात दोन, सहा वेळा, ३०.

बारावी फेरी झालरीची. २ टाके सोडा, तिसऱ्यात ५ खांब एकाच ठिकाणी, २ टाके सोडा, पुढच्यात स्लिप स्टिच. एका शिंपल्याला सहा टाके जातात म्हणून तीसात बरोबर पाच शिंपले बसतात. झालर पांढऱ्या किंवा सोनेरी रंगात घातली तर छान उठून दिसते, आणि चुकून घंटा ३१ टाक्यांची झाली असेल तर इथे एका जागी २ ऐवजी ३ टाके सोडा, कुणाला दिसत नाही.

आत घुंगरू लावा, खरं पितळी. दोऱ्यात ओवून ५-६ साखळ्यांएवढं खाली लोंबेल असं ठेवून दोरा मॅजिक रिंगमधून वर काढा, आतून एक मोठा मणी किंवा गाठ ठेवा म्हणजे दोरा ओढला जात नाही, आणि वरचं टोक तसंच लूप म्हणून वापरा. पंखा लावला की झाडातून बारीक आवाज येतो, तो मला नाताळच्या सगळ्या सजावटीत सगळ्यात जास्त आवडतो. वजन मात्र थोडं असतं म्हणून घंटा झाडाच्या आतल्या बाजूला, खोडाजवळ लावा.

फेविकॉलचं पाणी द्यायचं असेल तर ब्रशने फक्त बाहेरून द्या, आत प्लास्टिकची पिशवी चुरगळून भरा, वाळली की काढा. घुंगरू त्यानंतर.

गोळा

घंटेची टोपी जमली की गोळा जमलाच. ६, १२, १८ पर्यंत तसंच, मग दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन करत २४. चार फेऱ्या २४ च्या तशाच. आता घटवायचं, म्हणजे दोन टाक्यांतून दोरा वर आणून तिन्ही लूप एकदम काढायचे, दोनाचा एक होतो. दोन टाके साधे, मग दोनाचा एक, असं सहा वेळा, १८. इथे भरून घ्या. एक साधा, दोनाचा एक, १२. मग सहा वेळा नुसतं दोनाचा एक, ६. दोरा कापून उरलेल्या सहा टाक्यांतून सुईने ओवून खेचा.

भरायला कापूस घेऊ नका, पावसाळ्यात ओल धरतो आणि गोळा जड होऊन बसतो. जुन्या उशीतलं फायबर सगळ्यात चांगलं. ४ सेंमीचा थर्माकोलचा गोळाही आत घालता येतो, मग आकार एकदम गोल येतो, फक्त १८ च्या फेरीच्या आधी, म्हणजे तोंड मोठं असतानाच घाला आणि घटवायच्या तिन्ही फेऱ्या त्याच्यावरच विणा. फिक्या रंगात टाके सैल असतील तर आतलं दिसतं, तेव्हा सुई बारीक घ्या. दर दोन फेऱ्यांनी रंग बदलून पट्टे छान दिसतात, नवीन रंग आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीला घ्यायचा म्हणजे जोड स्वच्छ येतो.

झाडावर लावताना आणि नंतर

४ फुटी झाडाला मला ३५ एक वस्तू लागतात, पण पहिल्या वर्षी १२ केल्यात तरी पुष्कळ झाल्या, सहा चांदण्या, चार हिमफुलं, दोन घंटा. बाकी झाड बाजारातल्या वस्तूंनी भरा आणि दर वर्षी थोडं बदलत जा. पांढरी हिमफुलं दिव्यांच्या जवळ लावा, माळेचा उजेड जाळीतून मागच्या भिंतीवर पडतो. माळ एलईडीचीच हवी, जुन्या बल्बांच्या माळा गरम होतात आणि लोकर त्यांना टेकून राहिली तर वितळते. आणि पेटती मेणबत्ती या वस्तूंच्या आसपास कधीच नको, गव्हाणीपुढे लावायची असेल तर झाडापासून चांगली लांब.

आम्ही झाड तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतो. उतरवताना एकेक वस्तू झटकून धूळ काढा, चांदण्या आणि हिमफुलं बटर पेपरचे थर घालून आडवी ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची शाई पांढऱ्यावर येते. खळीला कसर आणि झुरळं लागतात हे लक्षात ठेवा, डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा डबा उघडून ऊन दाखवा. एखादं हिमफूल पिवळट किंवा मऊ पडलेलं दिसलं तर कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, कॉर्नफ्लॉवरची खळ पूर्ण निघून जाते, मग स्वच्छ धुऊन नवीन खळ द्या आणि परत टाचा. आजीच्या चांदण्यांपैकी नऊ अजून आहेत माझ्याकडे, दर नोव्हेंबरात त्यांना अशीच नवीन खळ मिळते.